पानावरचा ठिपका

शिर्डीच्या द्वारकामाईत आजही एक जाते आणि गव्हाचे पोते ठेवलेले आहे. साईसच्चरिताची पोथी वाचणाऱ्याला त्यामागची कथा सांगावी लागत नाही, कारण ती पहिल्याच अध्यायात येते. गावात महामारीचे सावट आहे. बाबा सकाळीच जाते मांडून गहू दळायला बसतात. चार बायका पुढे होऊन खुंटा हातात घेतात. दळण झाल्यावर त्या पिठाची वाटणी करून घरी निघतात, तेव्हा बाबा रागावतात आणि ते पीठ गावाच्या शिवेवर, ओढ्याच्या काठी नेऊन टाकायला सांगतात. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, १९१० मध्ये पहिल्यांदा शिर्डीला आले. हा प्रसंग त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्यातूनच ग्रंथ लिहिण्याची इच्छा त्यांच्या मनात उपजली.

रोगाला शिवेवर अडवायचे, ही त्या कथेतली गोष्ट भाविकाला श्रद्धेची वाटते आणि तशीच ती राहू द्यावी. मला इथे लिहायचे आहे ते पोत्यातल्या गव्हाविषयी नाही, शेतात उभ्या असलेल्या गव्हाविषयी. राहाता आणि कोपरगावच्या शिवारात गोदावरीच्या कालव्यांच्या पाण्यावर रब्बीचा गहू होतो. या गव्हाच्या पानात रोगाची बुरशी शिरली, तर प्रतिकार करणारे पान जे करते ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला विलक्षण वाटले होते. बुरशी जिथे शिरली, त्या जागेच्या पेशी मरतात. बुरशी त्यांना मारत नाही. त्या स्वतःच्या आतल्या यंत्रणेने, ठरल्या क्रमाने मरतात. आणि हा निर्णय घेणारी प्रथिने आपल्या शरीरात हेच काम करणाऱ्या प्रथिनांच्या गणगोतातली आहेत.

आधी रोगाकडे पाहू. तांबेरा गव्हाच्या शेतकऱ्याला माहीत असतो. पानावरून बोट फिरवले की तांबूस पूड बोटाला लागते. ती पूड म्हणजे बीजाणू. तांबेऱ्याचे तीन प्रकार आहेत. खोडावर येणारा काळा, पानावरचा नारिंगी आणि पट्ट्यापट्ट्यांनी येणारा पिवळा. पिवळ्याला थंडी लागते, म्हणून तो उत्तरेकडे जास्त. महाराष्ट्रात धास्ती पहिल्या दोघांची. त्यातही काळा तांबेरा दाणे भरण्याच्या वेळी आला, तर खोडातून ओंबीकडे जाणारा अन्नरस मध्येच तुटतो आणि हाती सुरकुतलेले दाणे येतात. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात आणि लगतच्या भागांत या रोगाने गव्हाचे पीक उद्ध्वस्त केले होते.

हा रोग दरवर्षी येतो कुठून, हे कोडे आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहता यांनी सोडवले. मैदानातल्या उन्हाळ्यात बीजाणू जगत नाहीत, म्हणजे ते शेतात दबा धरून बसलेले नसतात. ते दर हंगामात थंड डोंगरांवरून नव्याने येतात. उत्तरेत हिमालयातून आणि दक्षिणेत निलगिरी व पळणीच्या डोंगरांवरून. पुढच्या संशोधकांनी दाखवून दिले, की नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठले की त्याच्या वाऱ्यावर स्वार होऊन हे बीजाणू मध्य भारतापर्यंत पोहोचतात आणि पावसाबरोबर पिकावर उतरतात.

तांबेऱ्याच्या बुरशीची एक अडचण आहे, आणि गव्हाचा हा बचाव त्या अडचणीवर उभा आहे. ती फक्त जिवंत पेशीवर जगते. पानाच्या रंध्रातून आत शिरल्यावर ती पेशीची भिंत भेदून एक शोषकांग आत खुपसते, पण पेशीचे पटल फाडत नाही. ते नुसते आत दाबले जाते आणि पेशी जिवंत राहून तिला अन्न पुरवत राहते. गोचीड जनावराच्या अंगावर जिवंत रक्तावरच पोसते, तसेच हे. म्हणजे ज्या पेशीत बुरशीने तोंड घातले ती पेशीच लगोलग मेली, तर बुरशी उपाशी मरते.

मार्शल वॉर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये तांबेरा आलेल्या गवताच्या पानांत हे पाहिले. अमेरिकेच्या एल्विन स्टॅकमन यांनी १९१५ मध्ये गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यावर काम करताना त्याला अतिसंवेदनशील प्रतिक्रिया असे नाव दिले. तांबेऱ्याला बळी पडणाऱ्या वाणाचे पान सुरुवातीचे काही दिवस अगदी निरोगी, हिरवेगार दिसते आणि मग पुळ्या फुटून बीजाणू उधळतात. प्रतिकारक वाणाच्या पानावर मात्र लवकरच बारीक फिकट ठिपके दिसतात आणि पुढे काहीच होत नाही. स्टॅकमन यांच्या पद्धतीत रोगाची तीव्रता शून्य ते चार अशा अंकांनी नोंदवतात आणि नुसत्या ठिपक्यासाठी अर्धविरामाचे चिन्ह वापरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू तांबेरा संशोधन केंद्र महाबळेश्वरला आहे. तिथल्या थंड, दमट हवेत रोग चांगला फोफावतो, म्हणून नवे वाण तिथे मुद्दाम तांबेऱ्याच्या तोंडी देऊन पारखतात. अशा ठिकाणी पैदासकार ज्या खुणेची वाट पाहतो, ती म्हणजे मेलेल्या पेशींचा हा ठिपका.

पेशी मरते म्हणजे नेमके काय होते, हे आधी प्राण्यांमध्ये उलगडले. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेअर करी या तिघांनी १९७२ मध्ये एका शोधनिबंधात मांडले, की शरीरातल्या पेशी दोन वेगळ्या तऱ्हांनी मरतात. भाजले, ठेचले, रक्तपुरवठा तुटला, तर पेशी फुगून फुटते आणि आजूबाजूला दाह होतो. दुसऱ्या तऱ्हेत पेशी आक्रसते, तिच्यातला डीएनए तुकड्यातुकड्यांत तुटतो, तिचे पटलात बांधलेले बारीक भाग होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. ना दाह, ना व्रण. याला अपॉप्टोसिस म्हणतात. गर्भात आपल्या हाताची बोटे सुटी होतात ती मधल्या पडद्यातल्या पेशी अशा मेल्यामुळे. जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका गोलकृमीच्या वाढीत शरीराच्या १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ मरतात. दर वेळी नेमक्या त्याच १३१. त्या कृमीवरच्या कामासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल मिळाले. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत मरणाची जनुके मोडलेले कृमी सापडले आणि त्यांच्यातल्या त्या पेशी जगल्या. म्हणजे मरण त्या पेशींवर कोसळत नव्हते, त्या ते घडवून आणत होत्या.

घडवून आणणारी ही प्रथिने प्रत्येक पेशीत आधीपासून तयार असतात. त्यांना फक्त रोखून धरलेले असते. माणसाच्या पेशीत हा रोध तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलावर बसतो. तिथे बीसीएल-२ नावाचे प्रथिन आणि त्याची भावंडे, बॅक्स आणि बॅक या दोन प्रथिनांना धरून ठेवतात. बॅक्स-बॅक मोकळे सुटले तर ते पटलाला भोके पाडतात. पेशीचा डीएनए दुरुस्त न होण्याइतका बिघडला, की पी-५३ हे प्रथिन प्यूमासारखी निरोप्या प्रथिने बनवायला लावते. ती बीसीएल-२ च्या खोबणीत जाऊन बसतात आणि बॅक्स-बॅक सुटतात. भोकांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडते. हे तेच प्रथिन जे आतल्या बाजूला पेशीसाठी ऊर्जा तयार करण्याच्या कामात असते. झियाओडाँग वाँग यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखवले की ते बाहेर आले की मरणाची आज्ञा होते. त्या काळात यावर विश्वास ठेवणे अनेकांना जड गेले होते.

बाहेर आलेले सायटोक्रोम-सी एपीएएफ-१ या प्रथिनाला चिकटते. हे प्रथिन एरवी स्वतःवरच दुमडून मिटलेले असते. चिकटल्यावर ते उलगडते, त्याच्या पोटातला ऊर्जेचा रेणू बदलतो आणि अशी सात प्रथिने एकत्र येऊन एक चक्र बनते. या चक्रावर कॅस्पेज-९ येऊन जागे होते. कॅस्पेज म्हणजे इतर प्रथिने तोडणारी प्रथिने. नऊ क्रमांकाचे तीन आणि सात क्रमांकाच्यांना जागे करते, ती पुढच्यांना, आणि मग पेशीतली शेकडो प्रथिने ठरल्या ठिकाणी तुटू लागतात. या तोडफोडीतल्या एका पायरीचा शोध मराठी वाचकाच्या ओळखीच्या नावाशी जोडलेला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आणि पुढे आयसरमध्ये काम केलेले संजीव गलांडे यांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००१ मध्ये दाखवले, की टी-पेशी मरू लागली की कॅस्पेज-६ हे एसएटीबी-१ या प्रथिनाला तोडते. हे प्रथिन जोडीने राहून डीएनएची वेटोळी जागच्या जागी बांधून ठेवते. तुटल्यावर जोडी फुटते, प्रथिन डीएनएवरून सुटते आणि पेशीचे केंद्रक उकलायला सुरुवात होते.

आता पुन्हा गव्हाकडे. वनस्पतीत बीसीएल-२ नाही. खरे कॅस्पेजही नाहीत. त्यांच्याशी दूरचे नाते सांगणारी मेटाकॅस्पेज आहेत आणि तोडण्याचे काम करणारी इतर प्रथिने आहेत. तरीही १९९८ मध्ये दोन संशोधकांनी प्रथिनांच्या रचना शेजारी मांडल्या तेव्हा दिसले, की माणसाचे एपीएएफ-१, गोलकृमीचे त्याच कामाचे प्रथिन आणि वनस्पतींची रोगप्रतिकारक प्रथिने या तिन्हींच्या मध्यभागी एकच तुकडा आहे. उलगडण्याची आणि ऊर्जेचा रेणू बदलण्याची कळ असते तो तुकडा. वनस्पतीची ही प्रथिने खरोखर चक्र बनवतात का, हे कळायला आणखी वीस वर्षे लागली. २०१९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी एका रानटी मोहरीवर्गीय झाडाच्या प्रथिनाचे चक्र अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. २०२२ मध्ये गव्हाचे दिसले.

गव्हाच्या या प्रथिनाचे नाव एसआर-३५. ते काळ्या तांबेऱ्याविरुद्ध आहे आणि एकदाणी गव्हाच्या जुन्या जातीतून आले आहे. बुरशी शोषकांगातून पेशीत स्वतःची काही प्रथिने सोडते, पेशीने गप्प राहून अन्न पुरवत राहावे म्हणून. त्यांतल्या एकाला एसआर-३५ ओळखते आणि थेट जाऊन पकडते. पकडले की उलगडते, पोटातला ऊर्जेचा रेणू बदलते, म्हणजे एडीपी टाकून एटीपी घेते, आणि अशी पाच प्रथिने एकत्र येऊन पाच पाकळ्यांचे चक्र होते. माणसात सात, गोलकृमीत आठ, गव्हात पाच. फरक यापुढे आहे. माणसाचे चक्र कॅस्पेजना जागे करते. गव्हाचे चक्र पेशीच्या पटलात घुसून कॅल्शियमला वाट करून देते. कॅल्शियम आत लोटले की पेशीच्या संरक्षणाच्या सगळ्या व्यवस्था एकदम चालू होतात आणि शेवटी पेशी कोसळते. मेलेली पेशी गिळायला वनस्पतीत कोणी नाही, कारण प्रत्येक पेशीला भिंत आहे. ती तिथेच वाळून राहते. तोच पानावरचा ठिपका.

या गोष्टीत महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो जितका सांगायला हवा तितका सांगितला जात नाही. खपली गहू आपण पुरणपोळीचा आणि खिरीचा गहू म्हणून ओळखतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. दाण्याला टरफल इतके घट्ट चिकटलेले असते की ते कांडून काढावे लागते. उत्पन्न सरबती वाणांपेक्षा कमी. पण तांबेऱ्यापुढे हा गहू टिकून राहतो. स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबेऱ्याचे वेगवेगळे वंश ओळखण्यासाठी गव्हाच्या बारा जातींचा संच ठरवला. बुरशीचा नमुना त्या बाराही जातींवर टाकायचा आणि कोणती बळी पडते, कोणती ठिपका दाखवते यावरून वंश ठरवायचा. त्या संचात बारावी जात होती खपली, याच नावाने. सिडनीत वॉटरहाऊस या शास्त्रज्ञांनी खपलीचा ऑस्ट्रेलियातल्या स्टाइनवेडेल गव्हाशी संकर केला आणि त्या वाणाला खॅपस्टीन म्हटले. खॅपस्टीनमधून कॅनडाचे शास्त्रज्ञ नॉट यांनी प्रतिकाराची जनुके सुटी करून ओळखली. त्यांतले एक एसआर-१३.

१९९८-९९ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा नवा वंश सापडला, युजी-९९. राय धान्यातून गव्हात आणलेले एसआर-३१ हे जनुक तोवर जगभर भरवशाचे होते, भारतातल्या मोठ्या क्षेत्रावरच्या वाणांतही होते. या वंशापुढे ते निकामी ठरले. गहू पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी नव्वदीत असताना जगाला धोक्याची सूचना दिली. त्या वंशाविरुद्ध काय उरले आहे, याचा शोध सुरू झाला, तेव्हा हाताशी असलेल्या जनुकांत खपलीचे एसआर-१३ होते. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी ते जनुक वेगळे करून वाचले. त्यातून बनणारे प्रथिन एसआर-३५ च्याच घराण्यातले निघाले, मध्यभागी तोच उलगडणारा तुकडा असलेले. आपल्या आज्यांनी उखळात कांडलेल्या दाण्यांत हे लिहिलेले होते. म्हणूनच, खपली ही मधुमेहवाल्यांसाठी महागड्या पुडक्यात विकायची चीज एवढीच उरू नये, असे मला मनापासून वाटते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ हा खपलीचा बुटका वाण दिला, त्याचे महत्त्व ताटापुरते नाही.

पेशीचे मरण नेहमी कामीच येते, असे मात्र नाही. सगळ्या बुरशी तांबेऱ्यासारख्या जिवंत पेशीवर जगत नाहीत. काही पेशी मारून मगच खातात. त्यांच्यापैकी काहींनी गव्हाची ही यंत्रणाच हाताशी धरली आहे. पानावर करपा आणणाऱ्या बुरशी टॉक्स-ए नावाचे एक प्रथिन सोडतात. गव्हात टीएसएन-१ हे जनुक असेल, तर त्याचे प्रथिन, तेही याच घराण्यातले, शत्रू आल्यासारखे वागते आणि पेशी मरते. बुरशीला तेच हवे असते. एका बुरशीतले टॉक्स-एचे जनुक दुसऱ्या जातीच्या बुरशीत गेल्याचेही आढळले आहे आणि गव्हाच्या करप्याच्या भारतीय बुरशीतही ते सापडले आहे. अशा गव्हात टीएसएन-१ नसणे हाच बचाव. २००१ मध्ये अमेरिकेत मार्टिन डिकमन यांनी तंबाखूच्या झाडात माणसाचे बीसीएल-२ आणि गोलकृमीचे तसेच मरण रोखणारे जनुक घातले, तर ती झाडे पेशी मारून खाणाऱ्या बुरशींपुढे टिकली. वनस्पतीत बीसीएल-२ नसूनही माणसाचे बीसीएल-२ तिथे चालले, याचा अर्थ खालच्या पातळीवर काहीतरी सामाईक आहे.

माणसात उलट घडले, म्हणजे मरायला हवी ती पेशी मेली नाही, तर कर्करोग होऊ शकतो. बीसीएल-२ सापडले तेच मुळी लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगात. त्यात चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीएल-२ चे जनुक भलत्या ठिकाणी जाते आणि सतत चालू राहते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते सापडले तेव्हा ते पेशीविभाजन वाढवत असेल अशीच समजूत होती. १९८८ मध्ये मेलबर्नला डेव्हिड वॉ, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी दाखवले, की ते पेशीला वाढवत नाही, मरू देत नाही. कर्करोग हा वाढीचा जितका, तितकाच न मरण्याचा रोग आहे, हे तिथून कळले. २०१६ मध्ये व्हेनेटोक्लॅक्स हे औषध रक्ताच्या एका कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले. ते बीसीएल-२ च्या खोबणीत जाऊन बसते, प्यूमासारखी प्रथिने बसतात त्याच जागी, आणि अडलेले मरण मोकळे करते.

शेतातल्या लढाईला असा शेवट नाही. एसआर-३५ बुरशीच्या ज्या प्रथिनाला ओळखते, ते प्रथिनच बुरशीच्या काही वंशांत मोडून गेले आहे. ओळखायला काही उरले नाही, तर चक्र बनत नाही आणि पेशी जिवंत राहून बुरशीला पोसते. खपलीच्या एसआर-१३ लाही चकवणारे वंश इथिओपियात आणि इटलीत सापडले आहेत. म्हणून एकट्या जनुकावर विसंबणारा वाण आता कोणी शहाणा पैदासकार काढत नाही. २०२१ मध्ये पाच प्रतिकारक जनुके एकाच तुकड्यात जोडून गव्हात घातल्याचे काम प्रसिद्ध झाले. बुरशीला एकाच वेळी पाचही चकवावी लागतील, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे हे संकरानेच करायचे, दर पिढीत डीएनएच्या खुणा तपासत, आणि त्याला वर्षे लागतात. राहाता-कोपरगावच्या शेतकऱ्याला त्र्यंबक, तपोवन किंवा फुले समाधान हे निफाडच्या संशोधन केंद्राचे वाण मिळतात, त्यांच्यामागे अशीच वर्षे आहेत. वाण कितीही चांगला असला तरी त्याचे बी शेतात आले म्हणजे काम संपत नाही. निलगिरीकडून नव्या हंगामात काय येईल ते ठरलेले नसते, म्हणून महाबळेश्वरच्या वाफ्यांत जुने आणि नवे वाण पुन्हा पुन्हा तांबेऱ्यासमोर उभे करावे लागतात, आणि ज्या पानावर ठिपक्याऐवजी पुळी फुटली त्या वाणाची नोंद बदलावी लागते.